हुतात्मा चौकाखालचे स्थानक



जिवतीच्या वसंत व्याख्यानमालेत मुंबईच्या पोटातील एका रेल्वे स्थानकावर बोलायचे, हा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आपल्याकडे आगगाडी पाहायची तर माणिकगडचा डोंगर उतरून खाली जावे लागते. ज्यांना जमिनीवरची गाडी अजून लांब, त्यांना जमिनीखालची गाडी घेऊन काय करायचे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत व खाणीच्या फाटकावर जास्त झाले. परंतु या फाटकावरच्या शिक्षणाने एक सवय लावली आहे. कोणतीही मोठी वास्तू दाखविली की मी तीन प्रश्न विचारतो. ही जागा कोणाची होती? हिला नाव कोणाचे दिले? आणि हे काम कोणाच्या हातांनी झाले? आज हेच तीन प्रश्न आपण मुंबईच्या हुतात्मा चौक या भुयारी स्थानकाला विचारू.

मुंबईची तिसरी मेट्रो कुलाब्याकडच्या कफ परेडपासून निघून दादर, वांद्रे, विमानतळ असे करीत आरेपर्यंत जाते. लांबी साडेतेहतीस किलोमीटर, स्थानके २७, त्यांपैकी २६ जमिनीखाली. हा मार्ग एकदम सुरू झाला नाही. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा दुसरा मे २०२५ मध्ये, आणि शेवटचा दक्षिण मुंबईचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. ८ तारखेला पंतप्रधानांनी उद्घाटन केले आणि ९ तारखेपासून सामान्य उतारू हुतात्मा चौकाच्या जिन्याने खाली उतरू लागले. एका बाजूचे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दुसऱ्या बाजूचे चर्चगेट, आणि त्यापुढचे विधान भवन. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी काम पडणार आहे.

प्रथम जागेचा विचार करू. आज जेथे हा चौक आहे, तेथे इंग्रजांच्या किल्ल्याचा तट होता आणि तटाला चर्चगेट नावाचा दरवाजा होता. १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडण्यात आला. तो काळ कसला होता, हे विदर्भाच्या माणसाने विसरू नये. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला होता, आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. हिंगणघाटचे नाव त्या वेळी लँकेशायरच्या गिरण्यांत ठाऊक होते. कापसाच्या तेजीत मुंबईत पैसा पुरासारखा वाहत आला, आणि त्या पैशावर नवी मुंबई उभी राहिली. १८६४ साली जुन्या चर्चगेटच्या जागी एक कारंजे उभारले गेले. रोमन लोकांची फुलांची देवता फ्लोरा, तिचा पुतळा वर, म्हणून ते फ्लोरा फाउंटन. देणगीदारांत कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांचे नाव आहे. ज्यांनी कापूस वेचला त्यांचे नाव अर्थातच नाही.

त्याच रस्त्यांवरून १८७४ साली घोड्यांची ट्राम धावू लागली, १९०७ साली विजेची ट्राम आली, आणि ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील शेवटची ट्राम बंद झाली. अलीकडे कारंज्याच्या डागडुजीचे काम चालू असताना जमिनीत गाडलेले ट्रामचे रूळ सापडले. शहरे अशीच असतात. वरचा थर खालच्या थराला झाकतो, पण पुसून टाकीत नाही. कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता माणसाला शहराखाली गाडी न्यावीशी का वाटली, ते पाहू. जगातील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये सुरू झाली. पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत, आणि गाडी ओढायला वाफेचे इंजिन! बोगद्यात धूर कोंडत असे, तरी पहिल्याच दिवशी अडतीस हजार लोक बसले. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. म्हणजे तिला दहा वर्षेही झाली नव्हती. लंडनच्या या रेल्वेचा ध्यास घेतलेला गृहस्थ चार्ल्स पिअर्सन हा तेथील नगरसंस्थेचा वकील होता. त्याचे म्हणणे साधे होते. मजूर शहराच्या मध्यावरील कोंदट वस्तीत राहतो, कारण कामावर पायी जाता येईल एवढ्याच अंतरावर तो राहू शकतो. त्याला स्वस्त गाडी द्या, म्हणजे तो मोकळ्या हवेत राहील. पिअर्सन १८६२ साली वारला. गाडी धावलेली त्याने पाहिली नाही. परंतु १८६४ पासून त्या रेल्वेवर पहाटेच्या वेळी मजुरांसाठी कमी भाड्याच्या गाड्या सुटू लागल्या, आणि १८८३ साली पार्लमेंटने स्वस्त गाड्यांचा कायदाच केला.

या कथेला दुसरीही बाजू आहे. ती रेल्वे रस्ता उकरून, चर खणून, वर पुन्हा छत घालून बांधली होती. चर जाईल तेथील घरे पाडावी लागत. मार्ग आखणाऱ्यांनी तो शक्यतो गरिबांच्या वस्तीतून आखला, कारण तेथे भरपाई थोडी आणि ओरडणाराचा आवाज लहान. हजारो गरीब माणसे बेघर झाली. ज्या मजुराच्या सोयीसाठी रेल्वे, त्याच मजुराच्या घरावर तिचा पहिला घाव! पुढे १८९० साली लंडनलाच खोल बोगद्यातून विजेची गाडी सुरू झाली, १८९६ साली बुडापेस्टला, १९०० साली पॅरिसला, १९०४ साली न्यूयॉर्कला आणि १९३५ साली मॉस्कोला भुयारी रेल्वे आली. भारतात हा मान कलकत्त्याचा. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी आपल्या देशातील पहिली भुयारी गाडी धावली. मुंबईची पाळी त्यानंतर चाळीस वर्षांनी आली.

मुंबईला तिची गरज नव्हती असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या मार्गावर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावतात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारात लोंबकळताना. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारातील माणसे खाली पडली आणि काही जागीच गेली. ती कामावर निघालेली माणसे होती. बंद दारांची, जमिनीखालून जाणारी गाडी ही अशा शहरात चैनीची वस्तू नव्हे. प्रश्न आहे तो ती कोणाच्या खर्चाने आणि कोणासाठी, हा. या मार्गाचे भाडे दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत आहे. रोज जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे रुपये देणारा नोकरदार मुंबईत पुष्कळ सापडेल. झाडूवाली, हमाल आणि इमारतीचा पहारेकरी मात्र उपनगरी गाडीच्या दारातच लोंबकळत राहील. पिअर्सनला जे १८६० च्या सुमारास कळले होते, ते आपल्या कारभाऱ्यांना अजून पुरते कळलेले दिसत नाही.

दुसरा प्रश्न नावाचा. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक कसा झाला, हे आजच्या तरुण मुलांना विचारले तर बहुतेक जण गप्प राहतात. म्हणून थोडक्यात सांगतो.

१९५५ च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. मराठी माणसाला मुंबईसह स्वतःचे राज्य देण्याची शिफारस त्यात नव्हती; मुंबई राज्य मराठी-गुजराती असे द्विभाषिक, आणि विदर्भ वेगळा, अशी मांडणी होती. त्यानंतर पुढे आली त्रिराज्य योजना: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर वेगळे. ज्या शहराच्या गिरण्या, गोदी आणि रस्ते मराठी मजुराच्या घामावर चालत होते, ते शहर त्याच्या राज्याबाहेर ठेवायचे! २१ नोव्हेंबर १९५५ रोजी कामगारांनी हरताळ पाळला आणि ते विधिमंडळावर मोर्चा घेऊन निघाले. त्या वेळचे कौन्सिल हॉल म्हणजे आज जेथे राज्याच्या पोलीस खात्याचे मुख्य कार्यालय आहे ती इमारत. फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी वाट अडविली. लाठीमार झाला, अश्रुधूर झाला, आणि शेवटी गोळीबार झाला. त्या दिवशी पंधरा माणसे पडली. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित राहील अशी घोषणा पंतप्रधान नेहरूंनी केली, तेव्हा शहर पुन्हा पेटले आणि गोळीबाराने आणखी कितीतरी बळी घेतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या १०६ धरली जाते.

त्यांत पुढारी कोण होते? पुढारी तुरुंगात गेले, सभा गाजविल्या, वर्तमानपत्रे चालविली, डांगे, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे यांचे ऋण महाराष्ट्र विसरणार नाही. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी डफावर थाप मारून गावोगाव जागे केले. परंतु गोळी लागली ती बहुतेक साध्या माणसांना: गिरणीत राबणारा, गोदीत ओझे वाहणारा, शाळेतून आलेला पोरगा, रस्त्यावरून जाणारा वाटसरू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा यांच्यासह मोठे द्विभाषिक मुंबई राज्य झाले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले. चौकात स्मारक उभे राहिले, त्यावर मशाल धरलेले दोन पुरुष आहेत: एक शेतकरी आणि एक कामगार. फ्लोरा देवी कारंज्यावर आहे तशी आहे. तिला कोणी हलविले नाही. पण चौक तिच्या नावाचा राहिला नाही.

या ठिकाणी जिवतीचा संबंध येतो. आपला हा मुलूख जुन्या राजुरा तालुक्याचा, आणि राजुरा होता निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामशाही संपली, १९५६ च्या पुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला व प्रथम नांदेडला जोडला गेला, आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. म्हणजे आपण महाराष्ट्रात आहोत तो त्याच पुनर्रचनेमुळे. आणि ती पुनर्रचना आपल्या डोंगरावर पुरती झालेली नाही, याची साक्ष आपल्या तालुक्यातील सीमेवरची चौदा गावे देतात. तेथे महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि तेलंगणाही. दोन राज्यांच्या शाळा, दोन राज्यांची शिधापत्रिका, दोन राज्यांचे मतदान. आणि जमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न निघाला की दोघांकडूनही हेलपाटे. गोंड आणि कोलाम बांधव, बंजारे, दुष्काळात मराठवाड्यातून वर आलेली कुटुंबे, सर्वांच्या वाट्याला हे आले आहे. विदर्भात वेगळ्या राज्याची मागणी करणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे. परंतु माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या जवळच्या कचेरीत न्याय मिळावा, हीच जर भाषावार राज्याची खरी कल्पना असेल, तर हुतात्मा चौकाचे काम आपल्या चौदा गावांत अजून शिल्लक आहे.

आता तिसरा प्रश्न: काम कसे झाले आणि कोणी केले?

या मार्गाचे बोगदे पोखरण्यासाठी सतरा यंत्रे आणली होती. पुढे पोलादी दात असलेले मोठे चक्र फिरते, कातळ कुरतडते, आणि मागे लगेच सिमेंटच्या आधी ओतून ठेवलेल्या कमानी बसवीत यंत्र पुढे सरकते. सिमेंट म्हणजे काय, ते गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीच्या शेजाऱ्यांना मी सांगायला नको. या यंत्रांना महाराष्ट्रातील नद्यांची नावे दिली होती: सूर्या, वैतरणा, तानसा, कृष्णा, गोदावरी, तापी, आणि आपली वैनगंगाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी महालक्ष्मीला शेवटचा बोगदा आरपार झाला. यंत्राला नदीचे नाव मिळाले, ही गोष्ट चांगलीच आहे. यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसांची नावे मात्र कोणत्या फलकावर नाहीत.

बोगदा यंत्राने होतो, पण स्थानक यंत्राने होत नाही. बहुतेक ठिकाणी वरून मोठा खड्डा खणून स्थानक बांधले. हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव अशा काही ठिकाणी मात्र वर रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंस शंभर-दीडशे वर्षांच्या इमारती. तेथे स्थानकाचा काही भाग आतल्या आत पोखरावा लागला. थोडा कातळ काढायचा, उघड्या पडलेल्या छतात पोलादी कांबी ठोकायच्या, वर काँक्रीटचा फवारा मारायचा, छत किती खचते ते मोजायचे, आणि मग पुढची वीतभर. आमच्या खाणीत छताला रूफ बोल्ट मारतात, त्याचेच हे मोठे भावंड. फरक एवढाच की खाणीत डोक्यावर जंगल किंवा शेत असते, येथे डोक्यावर न्यायालय, बँका, ग्रंथालय आणि धावणाऱ्या मोटारी होत्या.

त्या डोक्यावरच्या लोकांनी आवाज उठविला आणि तो ऐकला गेला, हेही सांगितले पाहिजे. २०१७ च्या ऑगस्टात चौकाजवळच्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट या जुन्या ग्रंथालयाच्या माथ्यावरील दगडी कलाकुसरीचा एक भाग कोसळला. विश्वस्त उच्च न्यायालयात गेले, तेथील काम थांबले, तज्ज्ञांनी हादऱ्यांची तपासणी केली, आणि मगच काम पुढे गेले. बोगदा पारशी समाजाच्या अग्निमंदिरांखालून जातो म्हणून त्या समाजाचे लोकही न्यायालयात गेले. त्यांची मागणी मान्य झाली नाही, पण त्यांचे म्हणणे सविस्तर ऐकले गेले. गिरगाव-काळबादेवीच्या चाळकऱ्यांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, आणि त्याच परिसरात नव्या इमारतींत घरे देण्याचे सरकारला कबूल करावे लागले. या लोकांना मी नावे ठेवीत नाही. उलट, संघटना केली की कान उघडतात, हेच त्यावरून सिद्ध होते.

पण मार्गाच्या दुसऱ्या टोकाला काय झाले? आरेच्या जंगलात गाड्या ठेवण्याचा तळ करावयाचा होता. २०१९ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने याचिका फेटाळताच रातोरात झाडे तोडण्यास प्रारंभ झाला, आणि दोन हजारांहून अधिक झाडे पडली. तेथे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. ग्रंथालयाच्या दगडासाठी काम काही काळ थांबले. झाडांसाठी सकाळपर्यंतही थांबले नाही. जंगलात राहणाऱ्या माणसाला यातील भेद मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि खोदणारे? ते बिहारचे, झारखंडचे, ओडिशाचे, बंगालचे, उत्तर प्रदेशचे. पत्र्याच्या वसाहतींत राहिले, पाळीपाळीने खाली उतरले, काम संपले तसे दुसऱ्या शहराच्या बोगद्याकडे गेले. आमच्या कोळशाच्या खाणीत १९५२ चा खाण कायदा होता. खाली उतरण्यापूर्वी बत्तीघरात नाव लागायचे, परवाना असलेला मायनिंग सरदार छत ठोकून पाहायचा, आणि त्याने 'नाही' म्हटले तर लोडरला पुढे पाठविण्याची कोणाची छाती नव्हती. हे हक्क कोणी भेट दिले नव्हते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशे कामगार बुडाले. अशा मरणांतून ते नियम कडक होत गेले. मेट्रोच्या बोगद्यातील माणूसही जमिनीखाली उतरतो, कातळ डोक्यावर घेतो. पण कायद्याच्या लेखी तो खाण कामगार नव्हे, बांधकाम मजूर. त्याच्यासाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला होता, कंत्राटी मजुरांसाठी १९७० चा आणि स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा. हे सारे कायदे, आणि आमचा खाण कायदाही, आता चार श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. त्या संहिता अमलात आल्या तो दिवस २१ नोव्हेंबर २०२५. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला बरोबर सत्तर वर्षे झाली त्या दिवशी. योगायोग असेल, पण कामगार चळवळीतील माणसाच्या तो नजरेआड होत नाही.

मजुराला मोजायचे नाही, ही रीत रेल्वेइतकीच जुनी आहे. बोरघाटातील रेल्वे बांधताना, १८६१ च्या सुमारास, चाळीस हजारांच्या वर मजूर एका वेळी राबत होते. पंचवीस बोगदे त्यांनी सुरुंग आणि सब्बल यांनी फोडले. पटकीने आणि दरडींनी किती मेले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. १८५९ साली मजुरी थकली म्हणून तेथे दंगल झाली. मला तर ती आपल्या रेल्वे कामगारांच्या लढ्याची पहिली ओळ वाटते. पुण्याला जाणारी गाडी आजही त्याच घाटातून जाते, आणि खिडकीतून मुलांना धबधबे दाखवितात.

स्थानक खोल असले की आणखी एक जबाबदारी येते. २६ मे २०२५ रोजी, उद्घाटनानंतर पुरते तीन आठवडेही झाले नसता, आचार्य अत्रे चौक स्थानकात पावसाचे पाणी शिरले आणि तेथील सेवा बंद ठेवावी लागली. कोणाचा प्राण गेला नाही, हे नशीब. लंडनच्या बेथनल ग्रीन स्थानकात ३ मार्च १९४३ रोजी विमानहल्ल्याच्या भोंग्यानंतर लोक आसऱ्याला उतरत असता अंधाऱ्या जिन्यावर एक बाई पडली, मागचे तिच्यावर पडले, आणि काही मिनिटांत १७३ माणसे गुदमरून मेली. त्या प्रवेशद्वाराची सुधारणा करावी असे स्थानिक नगरसंस्थेने आधीच कळविले होते; वरच्यांनी खर्च नाकारला होता. आपल्या विदर्भात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. बायका आणि लेकरे त्यांत होती. गर्दी ही आपोआप मारीत नाही; अडविलेली वाट आणि न ऐकलेली मागणी मारते.

आता पॅरिसची एक हकीकत सांगून मुद्द्यावर येतो. ८ फेब्रुवारी १९६२ रोजी तेथे अल्जीरियातील युद्धाच्या विरोधात आणि बाँब फोडणाऱ्या जहाल टोळीच्या निषेधार्थ मोर्चा निघाला होता. पोलिसांनी चाल केली. लोक शारोन या भुयारी स्थानकाच्या जिन्याकडे पळाले, आणि तेथे नऊ जण मेले. नऊही जण एकाच कामगार संघटनेचे सभासद होते. आज त्या स्थानकात त्यांच्या स्मरणाचा फलक आहे, आणि दरवर्षी त्या दिवशी कामगार तेथे फुले घेऊन येतात. मॉस्कोच्या क्रांती चौक स्थानकात १९३८ पासून कमानींखाली काशाचे पुतळे बसविलेले आहेत: सैनिक, शेतकरी, खाणवाला, विद्यार्थी. त्या राजवटीने कामगारांवर जुलूमही केले, हे मी विसरत नाही. पण रोज कामावर जाणारा माणूस आपल्यासारख्याच माणसाच्या मूर्तीशेजारून जातो, ही कल्पना चांगली होती.

नाव ही केवळ पाटी नव्हे. ती जपली नाही तर विकली जाते. या मेट्रोच्या काही स्थानकांच्या नावांना पैसे मोजणाऱ्या कंपन्यांची नावे जोडली गेलीच आहेत. गाडीतील आवाज 'पुढील स्थानक हुतात्मा चौक' म्हणतो, उतारू उतरतो, आणि चार दिवसांत तो शब्द त्याला केवळ पत्ता वाटू लागतो. तसे होऊ नये म्हणून काय करावे? माझ्या मते दोन साध्या गोष्टी. त्या स्थानकाच्या भिंतीवर सर्व हुतात्म्यांची नावे, वय आणि व्यवसाय यांसह, उताऱ्याला वाचता येतील अशा अक्षरांत असावीत. आणि त्यांच्या शेजारी, हे स्थानक खोदणाऱ्यांची नावे गावांसह असावीत. कंत्राटदाराच्या हजेरीबुकात ती आहेतच. बिहारच्या पोराचे नाव मराठी हुतात्म्याशेजारी लागले तर महाराष्ट्र लहान होणार नाही. त्या चौकातील पुतळ्यात कामगार आहे. त्याची भाषा कोणती, ते मूर्तिकाराने कोरलेले नाही.

खर्चाची अडचण कोणी सांगू नये. हे काम तेवीस हजार कोटींचे म्हणून हाती घेतले आणि सदतीस हजार कोटींवर गेले. त्यांत एका भिंतीची पाटी जड होणार नाही.

मघाशी मी स्थानकांचा क्रम लक्षात ठेवायला सांगितला होता. हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. १९५५ साली जे थोडेसे अंतर मोर्चाला पार करू दिले नाही आणि ज्यासाठी पंधरा माणसांनी रस्त्यावर देह ठेवला, तेवढ्याच अंतरात आज विधिमंडळ आहे. नवे विधान भवन १९८१ चे. चौकातून तेथे गाडी दोन-चार मिनिटांत जाते. परंतु मागणी घेऊन निघालेल्या मोर्चाला आज आझाद मैदानावर थांबवितात. पुढे जाते ते शिष्टमंडळ, आणि तेही बोलावले तर. सामान्य माणूस आणि त्याने निवडून दिलेले सभागृह यांतील अंतर गाडीने कमी होत नाही. ते संघटनेने कमी होते, आणि ते काम मुंबईत जितके आहे, तितकेच आपल्या डोंगरावर आहे. जिवतीहून मुंबई दूर आहे हे खरे. पण चौदा गावांतील एखादा कोलाम म्हातारा पट्ट्याचा अर्ज घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलेला असतो, तेव्हा तो हुतात्मा चौकापासून फार लांब नसतो. त्याच्याबरोबर त्या पायरीवर बसायला आपल्यापैकी कोण येणार, हे आज येथून उठण्यापूर्वी ठरवा.